ग्लेंडा टोझरची वसुली

शेजारच्या मिसेस ऑटी ग्लेंडा टोझरला बावीस वर्षं ग्लोरिया म्हणत आल्या. पहिल्या दिवशी त्यांनी नाव चुकवलं तेव्हा ग्लेंडाला वाटलं, आत्ताच कुठे ओळख होतेय, लगेच काय टोकायचं. पुढच्या वेळी सांगू. पुढच्या वेळी उशीर झाला होता, आणि त्यानंतर सांगणं म्हणजे म्हाताऱ्या बाईला उगाच खजील करणं. मग ग्लेंडा ग्लोरिया झाली. नाताळच्या कार्डावर ती स्वतःच तशी सही करू लागली. मिसेस ऑटी गेल्या तेव्हा चर्चमध्ये त्यांच्या लेकीनं ‘आमच्या प्रेमळ शेजारीण ग्लोरिया’ यांचे सगळ्यांदेखत आभार मानले आणि ग्लेंडानं अर्धवट उठून मान तुकवली.

हॅडकोममध्ये यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. इंग्लंडमधल्या डेव्हनच्या त्या किनाऱ्यावर माणसं हवेबद्दल बोलतात, गुडघ्यांबद्दल बोलतात, कुत्र्याच्या पोटाबद्दल तर तासभर बोलतात. पण स्वतःला काय हवंय ते बोलायची वेळ आली की सगळ्यांच्या जिभेला गाठ पडते. कॅफेत दुसऱ्यानं मागवलेलं समोर आलं तर ते खाऊन, पैसे देऊन, वर ‘फारच छान होतं’ म्हणून बाहेर पडणारी ही माणसं. भीड भिकेची बहीण असं आपण म्हणतो. तिथे ती घरातलीच थोरली बहीण आहे, आणि तिचा शब्द मोडत नाहीत.

असल्या बाईनं धंदा करावा हेच नवल. पण लाँड्री ग्लेंडाच्या मावशीची होती, मावशीला मूल नव्हतं, आणि ‘तू सांभाळशील ना?’ असं तिनं विचारल्यावर नाही कसं म्हणायचं, म्हणून ग्लेंडानं ती सांभाळली. चर्चच्या मागच्या गल्लीत दोन मोठी धुण्याची यंत्रं, चादरी दाबून सरळ करणारा एक लांब रोलर, एक खोकणारा बॉयलर आणि जॅनिस व्हीटन. जॅनिस दोन आठवडे मदतीला म्हणून आली होती. त्याला एकोणीस वर्षं झाली. मोठ्या चादरीची दोन टोकं एकीच्या हातात, दोन दुसरीच्या. झटकायची, दुमडायची, चालत जवळ यायचं, हातात हात आला की टोकं सोपवायची. दिवसातून कितीतरी वेळा त्या दोघी अशा समोरासमोर येत, आणि एवढ्या वर्षांत एकमेकींशी मनातलं म्हणून काही बोलल्या असतील तर ते बॉयलरबद्दल.

निम्म्याहून जास्त काम कड्यावरच्या मोठ्या हॉटेलचं. आधीचे मालक गावातच राहायचे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी पाकीट घेऊन यायचे, मागायची वेळ कधी आली नाही. मागच्या शरद ऋतूत त्यांनी हॉटेल विकलं. विकत घेणाऱ्या कंपनीची अशी चाळीस हॉटेलं होती आणि पैसे देण्याचं काम लांब स्विंडनच्या ऑफिसातून व्हायचं. जानेवारीपासून तिथून एक पेनी आली नव्हती.

मे उजाडला तेव्हा अकरा हजार पौंडांच्या वर रक्कम अडकली होती. गॅसचं बिल लाल अक्षरांत आलं होतं. बँकेतल्या मुलानं ग्लेंडाला अतिशय सौम्यपणे सांगितलं होतं की महिनाअखेरपर्यंत काही जमा झालं नाही तर पुढे पैसे उचलता येणार नाहीत. म्हणजे जॅनिसला घरी पाठवायचं आणि गल्लीतलं दार लावून घ्यायचं. ग्लेंडा एकसष्ट वर्षांची होती, तिला दुसरं काही येत नव्हतं. जॅनिसलाही येत नव्हतं, आणि ती तर भाड्याच्या घरात राहायची.

तगादा लावला नव्हता असं नाही. ग्लेंडा पत्रं लिहायची. ‘आपण कामात असाल याची कल्पना आहे. त्रास देतेय त्याबद्दल क्षमस्व. जमेल तेव्हा बिलांकडे पाहावं, घाई अजिबात नाही.’ असं लिहून ती दोनदा वाचायची, आणि ‘पाहावं’ जरा हुकमी वाटतं म्हणून ‘पाहता आलं तर’ करायची. पत्राचं उत्तर नाही आलं की फोन. फोनवर कर्स्टी नावाची मुलगी असायची, आवाजानं पंचविशीतली, आणि गोड.

“माफ करा, पुन्हा मीच.”

“अहो, माफी कसली, माफी आम्हीच मागायला हवी.”

“नाही नाही, तुम्हाला किती कामं असतील.”

“तुम्ही किती समजून घेता. थांबा हं, बघते.”

आणि कर्स्टी बघायची. फेब्रुवारीत कळलं की नव्या कंपनीच्या यादीत ग्लेंडाचं नावच नाही, आधी नोंदणी करायला हवी. ती करता करता मार्च आला. मार्चमध्ये कळलं की नोंदणी झाली, पण बिलांवर ऑर्डर नंबर नाही. ऑर्डर नंबर कुठून आणायचा? हॉटेलकडून. हॉटेलातल्या मुलीनं सांगितलं, तो स्विंडनहून येतो. एप्रिलमध्ये नंबर मिळाला. मग कळलं की साठ दिवसांची मुदत बिलाच्या तारखेपासून नाही, नोंदणीच्या तारखेपासून मोजतात, आणि पैसे फक्त महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी सुटतात, तो गुरुवार कालच होऊन गेला.

यातली प्रत्येक गोष्ट ऐकताना ग्लेंडाला पटायची. कर्स्टी इतकं नीट समजावून सांगायची की हो म्हणण्याशिवाय काही सुचायचंच नाही. फोन ठेवला की मात्र नक्की काय ठरलं ते तिला सांगता यायचं नाही. आपण कुणावर रागवायचं हेही कळायचं नाही. कर्स्टीवर? ती तर आपल्याच बाजूची वाटते. कंपनीवर? कंपनी म्हणजे कोण, ती राहते कुठे? ग्लेंडा हातात रिसीव्हर धरून उभी राहायची, जॅनिस यंत्राआडून डोकावायची.

“काय म्हणाले?”

“फार चांगलं बोलली ती.”

“म्हणजे देणार?”

“म्हणजे... बघते म्हणाली.”

त्याच सुमाराला जॅनिसचे पगार राहायला लागले. आधी एका आठवड्याचा, मग दुसऱ्या. शुक्रवारी संध्याकाळी ग्लेंडा पदर पसरल्यासारखी तिच्यापुढे उभी राहायची आणि जॅनिस कोट चढवता चढवता म्हणायची, “असू दे गं. सवडीनं दे. मला काही घाई नाही.” ग्लेंडाला तेवढं ऐकून फार बरं वाटायचं. जगात एक तरी माणूस आपल्याला समजून घेतं असं वाटून ती त्या रात्री झोपायची. सहा आठवडे झाले तरी जॅनिस तेच म्हणत होती.

ग्लेंडाचा भाऊ नॉर्मन कौन्सिलच्या नोकरीतून निवृत्त झालेला. आयुष्यभर लोकांना नियम सांगितल्यामुळे आता नियम ऐकणारं कुणी नसलं की त्याचा जीव कासावीस व्हायचा. तो रविवारी जेवायला आला तेव्हा बटाटे वाढता वाढता ग्लेंडाच्या तोंडून गेलं.

“अकरा हजार?” नॉर्मननं काटा खाली ठेवला. “आणि तू त्यांच्या चादरी धुतेयस अजून?”

“मग काय मळक्या ठेवू?”

“कायदा आहे, ग्लेंडा. मोठ्यांनी छोट्यांचे पैसे थकवले की बँकेच्या दरावर आठ टक्के व्याज. शिवाय प्रत्येक बिलामागे भरपाई म्हणून ठरावीक रक्कम. मेहेरबानी नाही, हक्क आहे. आधी लेखी नोटीस द्यायची: अमुक तारखेपर्यंत द्या, नाहीतर दावा लावते. दावा घरबसल्या कॉम्प्युटरवर लागतो. छोट्या धंद्यांच्या तक्रारी ऐकायला सरकारनं एक अधिकारी बसवलाय, त्याला पत्र टाक.”

“व्याज? मिस्टर पॉमरॉयकडून व्याज मागू?”

“पॉमरॉय कोण आता?”

“हॉटेलचे मॅनेजर. दर शुक्रवारी आम्ही चहा घेतो.”

“मग त्याच्याशी बोललीस काय यावर?”

“चहाच्या वेळी?” ग्लेंडा म्हणाली.

नॉर्मन तिचा सख्खा भाऊ असल्यानं हा मुद्दा त्याला लगेच पटला. चहाच्या वेळी पैशाचं बोलत नसतात. त्यानं काटा पुन्हा उचलला. मग म्हणाला, “बरं, चादरी आत्ता कुणाकडे आहेत?”

“माझ्याकडे. उद्या पोचवायच्या.”

“नको पोचवूस. नाक दाबलं की तोंड उघडतं.”

“हे कायद्यात बसतं का?”

“ते...” नॉर्मननं सॉसचं भांडं पुढे ओढलं. “ते बघावं लागेल.”

ग्लेंडानं ते संध्याकाळभर मनात घोळवलं. चादरी अडवायच्या? गादीवर चादर नसेल तर बर्मिंगहॅमहून आलेलं म्हातारं जोडपं झोपेल कशावर? त्यांनी काय केलंय? टॉवेल अडवावेत, तर माणूस ओला उभा राहणार. टेबलक्लॉथ, तर न्याहारीचा विचका. एकेक वस्तू ती न्यायाधीशासारखी समोर बोलवत होती आणि सोडून देत होती. शेवटी अडकले बिचारे अभ्रे. उशीला आत आणखी एक खोळ असतेच. माणूस झोपू शकतो.

सोमवारी सकाळी गाडी भरताना जॅनिसनं विचारलं, “अभ्रे राहिले.”

“ठेवायचे.”

“सगळे?”

“सगळे. पैसे येईपर्यंत.” हे बोलताना ग्लेंडाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

“मग तशी चिठ्ठी देऊ का सोबत?”

“चिठ्ठी कशाला? कळेल की त्यांना.”

इथेच सगळं चुकलं. ग्लेंडाच्या मते तिनं कंपनीच्या तोंडावर आव्हानाचा हातमोजा फेकला होता. ती दिवसभर फोनपाशी घुटमळली. काय बोलायचं ते तिनं रोलरच्या आवाजात पुटपुटून पाठ केलं. फोन वाजला नाही. मंगळवारी वाजला, तो चर्चमधून, पडद्यांसाठी. गुरुवारी मळके कपडे आले, त्यांत अभ्रे होते. तेही धुऊन, इस्त्री करून फळीवर गेले. दुसरा आठवडा तसाच गेला. हॉटेलकडून अवाक्षर नाही. लाँड्रीच्या मागच्या भिंतीला अभ्र्यांची चळत छताला टेकायला आली, आणि त्या चळतीकडे बघताना ग्लेंडाचं डोकं चालेनासं व्हायचं. एवढी मोठी कंपनी, एवढ्या उश्या, आणि कुणाला काही वाटतच नाही?

“मनाचे दगड आहेत,” ती जॅनिसला म्हणाली.

“उघड्या उश्यांवर झोपवत असतील लोकांना,” जॅनिस म्हणाली. “पैसेवाले असेच.”

“का मीच मोजण्यात चुकले? आपण दिले तर नाहीत ना अभ्रे?”

दोघींनी वळून चळतीकडे पाहिलं. दिले नव्हते.

मधले दोन शुक्रवारचे चहा हवेच्या गप्पांतच संपले. तिसऱ्या शुक्रवारी चहा चुकवावा असं तिला वाटत होतं. पण न सांगता न जाणं बरं दिसलं नसतं, आणि सांगायचं तर कारण द्यावं लागलं असतं. ती गेली. हॉटेलच्या मागच्या बाजूला पॉमरॉयची छोटी खोली होती, खिडकीतून समुद्राचा एक तुकडा दिसायचा. पॉमरॉय साठीच्या घरातला, उंच, जरा वाकलेला, टाय नेहमी नीट. त्यानं स्कोनचा छोटा पाव कापला, आधी साय लावली, मग मुरांबा. हवेचं बोलून झालं. त्याच्या आईच्या कुत्र्याचं झालं. मग तो चमचा बशीत सरळ करत राहिला.

“ग्लेंडा, तुमची तब्येत बरी असते ना?”

“गुडघे सोडले तर बरी आहे.”

“नाही, म्हणजे... झोप वगैरे? गोष्टी हातातून निसटतात असं काही?” त्यानं खिशातून एक घडी केलेलं माहितीपत्रक काढलं आणि ते स्कोनच्या बशीखाली इतक्या हळूच सरकवलं की जणू ते आधीपासून तिथेच होतं. “माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. फार चांगल्या डॉक्टरीणबाई आहेत. आणि तुम्ही अभ्र्यांची अजिबात काळजी करू नका. मी कुणाला काही बोललो नाही. सुपरमार्केटमधून आणले थोडे, माझ्याच पैशांनी. पाहुण्यांना कळलंसुद्धा नाही.”

ग्लेंडानं माहितीपत्रक ओढून काढलं. वरती विस्मरणाच्या आजाराबद्दल लिहिलं होतं आणि एका हसऱ्या म्हाताऱ्या बाईचा फोटो होता. तिनं तो फोटो बराच वेळ पाहिला. तीन आठवडे ती ज्याला युद्ध समजत होती, त्यात समोरचा तिची कीव करत होता.

“मला काही विसरायला झालेलं नाही,” ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. “अभ्रे मी मुद्दाम ठेवून घेतलेत.”

“मुद्दाम?”

“तुमच्या कंपनीनं जानेवारीपासून मला पैसे दिलेले नाहीत.”

पॉमरॉयच्या हातातला चमचा तसाच राहिला. “कुठले पैसे? दर महिन्याला माल मिळाला म्हणून मी सही करून पाठवतो. मला वाटलं पैसे त्यावर आपोआप सुटतात.” मग त्याचा चेहरा उतरला. “म्हणजे गेल्या महिन्यापर्यंत पाठवत होतो. या महिन्यात अभ्रे कमी आले असं लिहावं लागलं. तसा नियम आहे. तुमचं नाव खराब होऊ नये म्हणून मी ‘किरकोळ’ असं लिहिलं. तसं लिहिलं की ते बिल थांबवतात म्हणे.”

म्हणजे पैसे मिळावेत म्हणून अभ्रे अडवले, आणि अभ्रे अडवले म्हणून पैसे थांबले. ग्लेंडाला क्षणभर खरंच वाटलं की ते माहितीपत्रक वाचून पाहावं.

“पण मला का नाही सांगितलंत?” पॉमरॉय म्हणाला.

“अभ्रे कमी आहेत, हे तुम्ही तरी मला कुठे सांगितलंत?”

तो उठला, टाय सारखा केला, आणि आयुष्यात एखादा धाडसी निर्णय घेतल्यासारखा फोनकडे गेला. “थांबा. मी स्वतः बोलतो स्विंडनशी. हा हॉटेलच्या अब्रूचा प्रश्न आहे.” ग्लेंडा खुर्चीच्या कडेला येऊन बसली.

“हॅलो? माफ करा हं, शुक्रवारची दुपार, तुम्ही आवराआवर करत असाल... नाही नाही, तसं तातडीचं काही नाही. आमच्या लाँड्रीच्या बाईंचं जरा... हो, थोडं जुनं आहे... तुम्हाला जमलं तर नजर टाकाल का? नाही हो, अगदी सवडीनं... तुमचे फार उपकार आहेत. तुमच्याकडे पाऊस आहे का?... असं का. इकडे आहे.”

त्यानं फोन ठेवला आणि समाधानानं हात चोळले. “झालं. फार गोड मुलगी आहे. बघते म्हणाली.”

ग्लेंडा त्याच्याकडे बघत राहिली. हे संभाषण तिला तोंडपाठ होतं. फक्त आजवर ते तिनं आतून ऐकलं होतं, बाहेरून ऐकण्याची ही पहिलीच वेळ. बाहेरून ऐकलं तर त्यात मागणं असं काही नव्हतंच. पाऊस होता, उपकार होते. पाच महिने आपण तगादा लावतोय असं तिला वाटत होतं, आणि पाच महिने ती त्या मुलीची विचारपूस करत होती.

“मिस्टर पॉमरॉय, तुम्ही काहीच मागितलं नाहीत.”

“मागितलं की.”

“नाही मागितलंत.” तिनं फोन आपल्याकडे ओढला. नंबर पाठ होता.

“हॅलो,” कर्स्टी म्हणाली, आणि ग्लेंडाच्या ओठांवर ‘माफ करा’ आलं. ते तिनं गिळलं.

“मी ग्लेंडा टोझर, हॅडकोमची लाँड्री. जानेवारीपासूनची माझी सगळी बिलं थकली आहेत. पुढच्या गुरुवारपर्यंत मला पूर्ण पैसे हवेत. नाही आले तर सोमवारी मी दावा लावणार, कायद्याप्रमाणे व्याज आणि भरपाईसकट. आणि त्याआधीच्या शनिवारी हॉटेलात चादरी जाणार नाहीत. सुट्टीचा शनिवार आहे, सगळ्या खोल्या भरलेल्या आहेत. अभ्रे माझ्याकडे आहेत, ते मी आज परत करते. तक्रारीची नोंद मॅनेजर आत्ता मागे घेतायत.”

पॉमरॉय पांढरा पडला होता, पण त्यानं जोरजोरात मान हलवली. पलीकडे कर्स्टीनं काही बटणं दाबल्याचा आवाज आला. ग्लेंडा वाट बघत होती की आता आभाळ कोसळेल.

“ठीक आहे,” कर्स्टी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, सुटल्यासारखं होतं. “तुम्हाला तातडीच्या यादीत टाकते. गुरुवारी जमा होतील.”

“एवढंच?”

“हो. आधी का नाही सांगितलंत? तुमच्या प्रत्येक पत्रात घाई नाही असं लिहिलंय, मी तशीच नोंद केली होती. आमच्याकडे पाचशे जण मागे लागलेले असतात, मिसेस टोझर. घाई असलेल्यांचे आधी जातात. मला वाटायचं, या बाईंचं बरं चाललंय.”

“ते सभ्यपणा म्हणून लिहिलेलं, मुली.”

“हो ना,” कर्स्टी म्हणाली. “पण ‘सभ्यपणा’ अशी खूण मी कुठे करू? तसा रकानाच नाही.”

रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, हे तान्ह्या मुलाला कळतं. ग्लेंडाला कळायला एकसष्ट वर्षं लागली, आणि कळल्यावरही तिला आनंद झाला की लाज वाटली हे तिचं तिला सांगता आलं नसतं. चालत घरी येताना ती दोन वेळा थांबली. इतकं सोपं होतं तर पाच महिने काय चाललं होतं?

गुरुवारी पैसे आले, सगळे. व्याज तिनं मागितलं नाही. त्यावरून नॉर्मन दोन रविवार रुसून बसला. पण तिनं बँकेतून पहिल्यांदा काय काढलं असेल तर जॅनिसचे राहिलेले पगार. नव्या नोटा, जाड पाकीट. दुपारी दोघी चादरी दुमडत होत्या. टोकाला टोक आलं तेव्हा ग्लेंडानं चादरीऐवजी ते पाकीट तिच्या हातात दिलं.

जॅनिसनं ते उघडलं नाही. तिचा चेहरा गळ्यापासून वर लाल होत गेला.

“मला तुला एक सांगायचं होतं,” ती म्हणाली. “योग्य वेळच सापडत नव्हती. तुझ्यामागे आधीच एवढा ताप. सोमवारपासून मी एक्झिटरला जातेय. मोठी लाँड्री आहे तिथली. बसनं जायचं. दर शुक्रवारी पगार देतात.”

ग्लेंडाला आधी शब्द ऐकू आले आणि अर्थ बऱ्याच वेळानं आला. “पण पैसे आले की गं आता.”

“हो. बरं झालं, खरंच बरं झालं. पण घरमालकानं मला या महिनाअखेरची मुदत दिलीय. दोन महिन्यांचं भाडं राहिलं. गेल्या महिन्यात आईची शिलाई मशीन विकली.”

“तूच म्हणालीस सवडीनं दे. दर शुक्रवारी म्हणालीस. घाई नाही म्हणालीस.”

“मग काय म्हणणार होते? तुझ्या तोंडाकडे बघून ‘दे’ म्हणू?”

ग्लेंडा मळक्या कपड्यांच्या टोपलीवर बसली. स्विंडनची जी कंपनी ती मनातल्या मनात पाच महिने शोधत होती, ती तर इथेच होती, याच गल्लीत, आणि तिनं स्वतःच्याच माणसाचे पैसे ‘घाई नाही’ म्हणून खुशाल खाली सरकवले होते. तिला फार वाईट वाटलं. तिनं जॅनिसला तसं सांगितलं. नीट नाही सांगता आलं, मध्ये मध्ये तुटलं, पण सांगितलं. जॅनिस भिंतीकडे बघत ऐकत होती.

“तुला जायचंय का तिकडे?” ग्लेंडानं शेवटी विचारलं.

“नाही,” जॅनिस लगेच म्हणाली, आणि इतकं लगेच म्हटल्याबद्दल तिलाच धक्का बसला. “तिथे आवाज फार आहे. ऐंशी माणसं. कुणी कुणाशी बोलत नाही.”

“मग नको जाऊस.”

“आता कसं नाही म्हणणार? कबूल केलंय. त्या माणसानं लॉकरवर माझं नाव लावलं म्हणे. बिचाऱ्यांची अडचण होईल.”

ग्लेंडानं तिच्याकडे पाहिलं. जॅनिस अगदी मनापासून बोलत होती. तिला नको असलेल्या नोकरीवर, नको असलेल्या बसनं, ती पुढची वीस वर्षं जाणार होती, कारण एका अनोळखी माणसानं लॉकरवर नाव लावलं होतं.

“नंबर दे,” ग्लेंडा म्हणाली.

“कशाला?”

“दे म्हणते ना.”

पलीकडे एका पुरुषानं फोन घेतला. जॅनिस दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती.

“मी हॅडकोमहून ग्लेंडा टोझर. जॅनिस व्हीटन सोमवारी तुमच्याकडे येणार नाही.”

“असं? काही कारण?”

“हो,” ग्लेंडा म्हणाली. “मला ती हवी आहे. एकोणीस वर्षं सांगायचं राहून गेलं.”

तो माणूसही डेव्हनचाच. त्यानं जरा थांबून माफी मागितली, आपल्याला कल्पना नव्हती म्हणाला, आणि तुमच्याकडे हवा कशी आहे असं विचारलं. ग्लेंडानं बरी आहे म्हणून सांगितलं. मागे जॅनिसनं हाताला लागला तो टॉवेल ओढून तोंड त्यात लपवलं. तो हॉटेलचा होता, घडी करून ठेवलेला, पुन्हा धुवायला टाकावा लागला.